अंगणातल्या झाडांना शेतातले औषध नको



पीक पाहणीसाठी एका गावी गेलो होतो. ऊन चढले म्हणून एका घरी टेकलो. घरच्या काकूंनी चहाचे आधण ठेवले आणि तुळशीची चार पाने आणायला सुनेला अंगणात पाठविले. तेवढ्यात धाकटा मुलगा ओरडला, "वहिनी, ती पानं नको! काल कपाशीचं उरलेलं औषध तिच्यावर मारलंय." मी विचारले, "कोणती कीड होती रे?" तो म्हणाला, "कीड नाही बघितली साहेब, पानं आकसली होती." आम्ही बिनतुळशीचा चहा घेतला. पण तो मुलगा त्या वेळी घरी नसता तर काय झाले असते, हा विचार अजून मनातून जात नाही.

फवारणीनंतर किती दिवस थांबून तोडणी करावी, याला नियम असतो. अंगणातली तुळस आणि कढीपत्ता आपण रोज खुडतो, तिथे थांबतो कोण? त्यातून औषध आंतरप्रवाही असेल तर ते पानात भिनते, नुसते धुऊन जात नाही. आणि त्याच अंगणात पोर रांगते, कोंबड्या दाणे टिपतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. मग हे विष घराच्या उंबऱ्यापर्यंत कशाला आणायचे?

आधी पान उलटून पाहा. कीड बहुधा पानाखाली लपते.

कोवळ्या शेंड्यावर हिरवे-काळे बारीक किडे दाटीने बसले असतील तर तो मावा. पाने चिकट होतात, त्यावर काळी बुरशी चढते. जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण. फांदीवर चिकटलेले तपकिरी खवले नखाने निघत असतील तर ती खवले कीड. तुळशीची पाने आकसून खाली काळे ठिपके आणि जाळीदार पंखांचे इवले किडे दिसले तर ते रस शोषणारे ढेकूण. उन्हाळ्यात पाने फिकट पडून बारीक जाळी दिसली तर पांढऱ्या कागदावर पान झटका. लाल कण चालू लागले तर तो कोळी. कढीपत्त्याची पाने कुरतडलेली दिसली तर अळी शोधा. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. डिवचल्यावर डोक्यामागून नारिंगी शिंगे काढते, उग्र वास येतो. घाबरू नका, ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी. हाताने वेचली की काम झाले.

बाकीच्या किडींना पहिला उपाय पाण्याचा. सकाळी पानांच्या खालच्या बाजूने जोराने पाणी मारा. मावा आणि कोळी बरेचसे त्यानेच धुऊन जातात. खवले कीड जुन्या दातांच्या ब्रशने घासून काढा. पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेण असते, त्यावरून नुसते पाणी ओघळते. त्यासाठी १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम साध्या साबणाचा कीस विरघळवून फवारा. आधी दोन-चार पानांवर करून पाहा. पाने करपली नाहीत तरच सगळ्या झाडावर मारा.

तरी कीड हटली नाही तर निंबोळी अर्क. ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्याने गाळा आणि एकूण १ लिटर द्रावण करा. चिमूटभर साबण घाला. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारा. अंड्यांतून नवी पिल्ले निघतात, म्हणून आठ-आठ दिवसांनी तीन वेळा फवारावे लागते. खायच्या झाडाची पाने त्यानंतर आठवडाभर खुडू नका, पुढेही धुऊनच वापरा.

मुंग्यांकडेही लक्ष द्या. गोड चिकट रसासाठी त्या मावा आणि पिठ्या ढेकूण राखतात. जास्वंदीच्या खोडाला चिंधी बांधून तिच्यावर ग्रीस चोपडा, मुंग्यांची वाट बंद होईल. मग लाल पाठीचा ढालकिडा आणि त्याची अळी मावा निवांत फस्त करतात. त्यांना मारू नका.

आणखी एक सांगतो. जास्वंद, कपाशी, भेंडी आणि अंबाडी ही एकाच कुळातली. जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण कपाशीवरही जातो. म्हणून छाटलेल्या किडक्या फांद्या बांधावर किंवा उकिरड्यावर टाकू नका, लगेच जाळा.

आणि मुळात औषध उरूच देऊ नका. क्षेत्र मोजून लागेल तेवढेच कालवा, डबा कुलपात ठेवा.

त्या घरच्या काकूंचा जीव तुळस उपटायला होईना. मी म्हटले, "वृंदावनात राहू द्या, दिवा लावा, पण पान तोंडात घालू नका. तीर्थातही नको. खाण्यासाठी शेजारून रोप आणा." निघताना पाहिले, तर धाकटा मुलगा नव्या रोपासाठी कुंडीत माती भरत होता.