दान द्यावे, पण केव्हा?

देवळाच्या सभामंडपातला पंखा बंद केला, की पात्यावरचे नाव दिसते: ‘अमुक यांच्या स्मरणार्थ’. पायरीवर, बाकावर, पाण्याच्या टाकीवरही अशी नावे असतात. त्यात गैर काही नाही. आपण दिलेल्याची आठवण राहावी, असे माणसाला वाटतेच. पण नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीला एक ठिकाण असे आहे, की तिथल्या शिबिरांसाठी नवख्या माणसाने पैसे पुढे केले, तर ते नम्रपणे परत केले जातात.

हे ठिकाण म्हणजे धम्मगिरी. ब्रह्मदेशात व्यापार करणारे सत्यनारायण गोएंका तेथील सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकले आणि १९६९ साली भारतात आले. १९७६ पासून धम्मगिरीत शिबिरे भरू लागली. गोएंका २०१३ साली निवर्तले, तरी शिबिरे भरतच आहेत. पहाटे ४ वाजता घंटा, दिवसाकाठी सुमारे १० तास ध्यान, सकाळी न्याहारी, ११ वाजता जेवण आणि मौन. असे १० दिवस काढायचे.

या साऱ्याला शुल्क नाही, राहण्या-जेवणाचेही नाही. मग खर्च भागतो कसा? ज्याने निदान एक १० दिवसांचे शिबिर पूर्ण केले आहे, त्याच्याकडूनच शिबिरांसाठी दान घ्यायचे, असा नियम आहे. शिकवणारे आचार्य मानधन घेत नाहीत. शिबिरात सेवा देणारे जुने साधकही विनावेतन राबतात. म्हणजे आज जो ताटावर बसतो, त्याचे जेवण आधी येऊन गेलेल्या कुणा अनोळखी माणसाने दिलेले असते.

नियम साधा आहे, पण त्यामागचा विचार खोल आहे. पैसे मोजून आलेला माणूस गिऱ्हाईक होतो. खोली मनासारखी नाही, भाजीत मीठ कमी आहे, अशी त्याची कुरकुर सुरू होते. दुसऱ्याच्या दानावर जेवणाऱ्याचा हा तोरा आपोआप उतरतो. संस्थेचेही तसेच. बड्या देणगीदारापुढे एकदा मान तुकवली, की आज त्याच्यासाठी वेगळी खोली, उद्या विश्वस्तपद, परवा त्याच्या सोयीने नियमच बदलतात.

शेवटी ज्याला लाभ झाला असे वाटते, त्याने यथाशक्ती द्यावे. ज्याला वाटत नाही, त्याने न देता घरी जावे. रक्कम लहान असली म्हणून संकोच नको. मुलांच्या फीचे पैसे मोडून किंवा कर्ज काढून दिलेल्या दानाने घरात अशांतीच येते. पैसा नसेल, तर पुढच्या एखाद्या शिबिरात सेवेला जाता येते. तेही दानच.

कोणत्याही आश्रमाला किंवा साधना केंद्राला देणगी देण्यापूर्वी एवढे लक्षात ठेवले तरी पुरे: आधी स्वतः तिथे राहून पाहावे, दिल्यावर पावती घ्यावी आणि बदल्यात मानपान मागू नये.

इगतपुरीहून परतणारी एखादी गृहिणी पर्समधून थोडे पैसे काढून देते. त्या पैशातून कुणाच्या पानात वरण-भात पडेल, हे तिला कधीच कळणार नाही. आणि जेवणाऱ्यालाही तिचे नाव कळणार नाही. तरीही दोघांचे नाते जुळलेले असते.