भाजलेलं पुन्हा कशाला भाजायचं?

सदर : रांदचीकूड

बिस्किटांची पूड करायची, त्यात दूध आणि फ्रूट सॉल्टची पुडी घालायची, कुकरच्या तळाला मीठ पसरायचं आणि पाऊण तास गॅस जाळायचा. 2020 च्या टाळेबंदीपासून आमच्या पेडण्यात ‘बिस्किटांचा केक’ म्हटलं की हेच डोळ्यांपुढे येतं. मला हा प्रकार कधीच पटला नाही. बिस्कीट हे कारखान्यात नीट भाजून, पाणी उडवून, कुरकुरीत करून पुड्यात भरलेलं असतं. तो कुरकुरीतपणा आधी दुधात घालवायचा आणि मग तोच मैदा दुसऱ्यांदा भाजून मऊ केकची वाट बघायची! यापेक्षा मैदा आणून साधा केक केलेला काय वाईट?

बिस्किटाला बिस्कीट म्हणूनच खाऊ देणारा केक वेगळा. त्यात आच लागते ती फक्त चॉकलेट वितळण्यापुरती. बाकीचं काम फ्रीज करतो. सुरी फिरवली की काळ्या वडीत बिस्किटांचे फिकट तुकडे दिसतात आणि दाताखाली येतात. पोर्तुगालमध्ये याच मिश्रणाची गुंडाळी करून चकत्या कापतात, जर्मनीत बिस्किटं अख्खी ठेवून चॉकलेटचे थर देतात. 2011 साली इंग्लंडच्या राजपुत्र विल्यमच्या लग्नात शाही फळांच्या केकशेजारी त्याच्या आवडीचा म्हणून हाच केक होता : रिच टी नावाची 1,700 बिस्किटं आणि 17 किलो चॉकलेट. राजवाड्यात भट्ट्यांची वानवा नसावी. तरीही तो न भाजताच केला. ‘ओव्हन नाही म्हणून हा केक’ असं ओशाळून सांगणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

मोपाच्या बाजूची एक मुलगी परवा तसंच म्हणाली, “मावशे, आमगेर ओव्हन ना, केक कसो करपाचो?” ओव्हन नसण्यालाही आपल्याकडे इतिहास आहे. तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या काबिजादी सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांकडे गेल्या. पेडणे सावंतवाडीकरांकडून त्यांच्याकडे गेलं 1788 मध्ये. त्यामुळे घरात भट्टी, नाताळात केक ही सवय आमच्या हिंदू घरांत मुरलीच नाही. पाव पोदेर दारात आणून देई, तेवढाच भट्टीशी संबंध. पण म्हणून आम्हांला वरून-खालून आच देणं ठाऊक नव्हतं असं कोणी समजू नये. तवशाचं धोंडस आमच्या आज्या पातेल्यात करीत. खाली मंद चूल आणि झाकणावर करवंट्यांचे निखारे. बिबिंकाचा प्रत्येक थरही असाच वरच्या निखाऱ्यांच्या आचेवर भाजला जाई. ज्यांना खरंच भाजलेलं हवं त्यांनी धोंडस करावं. कुकर आणि मिठाचा खटाटोप त्याच्यापुढे फिका आहे.

न भाजलेला केक करण्याचं दुसरं कारण अंड्याचं. श्रावणात किंवा सोमवारी मुलाचा वाढदिवस आला की पेडण्यातल्या निम्म्या घरांत पंचाईत होते. बिस्किटांच्या केकाला अंडं लागत नाही. पोर्तुगीज पद्धतीत कच्चं अंडं घालणारे आहेत, पण आपल्या उकाड्यात कच्च्या अंड्याच्या वाटेला जाऊच नये. ते वगळलं म्हणून चवीत काही उणं पडत नाही.

आता खरा प्रश्न चॉकलेटचा, आणि इथे माझं बहुतेकांशी वाजतं. किराणा दुकानात केकसाठी म्हणून जी तपकिरी लादी मिळते ती बहुधा कंपाउंड असते. म्हणजे कोकोची पूड, साखर आणि कोको बटरच्या जागी घट्ट केलेलं वनस्पती तेल. स्वस्त असते, झटकन गोठते, मे महिन्यातही चटकन पाघळत नाही. पण खाल्ल्यावर टाळूला मेणाचा पापुद्रा चिकटून राहतो. खरं कोको बटर साधारण 34 अंशांना वितळतं, म्हणजे तोंडाच्या उबेला. चॉकलेट जिभेवर विरघळतं ते त्यामुळे. चमकदार, खळकन मोडणारं चॉकलेट घडवायला तापमान सांभाळत बसावं लागतं, ती कटकट कंपाउंडने टळते. आपल्या केकात चॉकलेट लोण्याशी आणि आटवलेल्या दुधाशी मिसळतं आणि फ्रीजमध्ये बसतं, तिथे चमक आणि खळकन मोडणं हवंय कोणाला? कंपाउंडचा हा फायदा इथे वाया जातो, राहतं ते मेण. तेव्हा पाकीट उलटून घटक वाचा. ‘कोको बटर’ दिसलं तर घ्या, ‘हायड्रोजिनेटेड’ दिसलं तर परत ठेवा.

प्रमाण असं : मारी बिस्किटं 300 ग्रॅम, डार्क चॉकलेट 200 ग्रॅम, लोणी 100 ग्रॅम, डब्यातलं आटवलेलं गोड दूध 150 ग्रॅम, काजू मूठभर, म्हणजे 75 ग्रॅमच्या आसपास. लोणी बाजारचं खारं चालेल. उलट बरं, मिठाने चॉकलेट उठून येतं. नारळाचं तेल घालू का, असं कोकणात कोणीतरी विचारणारच. जर्मन लोक घालतात. पण ते 24 अंशांवर पातळ होतं. त्यांच्या हवेत वडी टिकते, आपल्याकडे बशीत ठेवल्या ठेवल्या बसकण मारते.

बिस्किटं हाताने मोडायची, अंगठ्याच्या नखाएवढी. मिक्सरला हात लावायचा नाही. पूड झाली की ती चॉकलेट शोषून घेते आणि केक घट्ट, कोरडा होतो. मोडताना पडलेला चुरा चाळून बाजूला काढा. फेटलेली साय आणि तेच आटवलेलं दूध घेऊन पेल्यात त्या चुऱ्याचे थर लावले की गोव्याच्या हॉटेलांत मिळतो तो सेराडुरा घरी तयार. पावसाळ्यात बिस्किटं पुडा उघडताच सादळतात. तेव्हा ती तव्यावर मंद आचेवर दोन मिनिटं शेकून, पूर्ण गार करून मगच मोडावीत. (हो, हे भाजणंच झालं. पण हे हवेशी भांडण आहे, केकशी नाही.)

पातेल्यात पाणी उकळून गॅस बंद करायचा, वर स्टीलचं भांडं ठेवून त्यात चॉकलेटचे तुकडे आणि लोणी सावकाश वितळू द्यायचं. पाण्याचा थेंब पडला तर चॉकलेट दाणेदार होऊन आखडतं, म्हणून चमचाही कोरडा हवा. उतरवून आटवलेलं दूध घालायचं, मग बिस्किटं आणि काजू. बटर पेपर लावलेल्या चौकोनी डब्यात दाबून भरायचं. नीट दाबायचं, नाहीतर कापताना ढासळतं. झाकण घट्ट लावून चार तास फ्रीजमध्ये. फ्रीझरमध्ये घालून घाई करू नये : बाहेर काढल्यावर त्यावर दव धरतं आणि बिस्किटं मऊ पडतात. कापायची सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या. वाढण्याआधी दहा मिनिटं बाहेर, मे महिन्यात पाचच.

काजूचं मात्र मोपाच्या माणसाला सांगायला मी कोण? जिथे 5 जानेवारी 2023 पासून विमानं उतरतात त्या मोपाच्या पठारावर काजूची झाडं होती. धावपट्टीपायी ती गेली, आणि आसपासच्या गावांतले मार्च-एप्रिलचे बोंडू वेचण्याचे दिवस आखडले. आता विमानतळावर उतरलेला पाहुणा ‘गोव्याचा काजू’ म्हणून चकचकीत डबा उचलतो, त्यात कुठला काजू आहे हे डब्यावरून कळेलच असं नाही. आफ्रिकेतून आलेल्या कच्च्या बिया इथे फोडून विकण्याचा धंदा जुना आहे. म्हणूनच 2023 साली गोव्याच्या काजूला मिळालेलं भौगोलिक मानांकन महत्त्वाचं, पण ते तपासून घेणारं गिऱ्हाईकही हवं. ते आपल्यापासून सुरू व्हावं. पेडण्यात अजून बागाईत राखून असलेली, घरी काजू भाजून फोडणारी माणसं आहेत. त्यांच्याकडून घ्या, आणि अख्खा टपोरा घेऊ नका. त्याला भाव दिसण्याचा मिळतो. केकात तो मोडायचाच आहे. पाकळी किंवा तुकडा मागा. चव तीच असते, पैसे कमी पडतात, आणि निखाऱ्यावर भाजलेल्या सालीचा जो किंचित धुरकट वास त्याला असतो तो कडसर चॉकलेटशी असा काही जुळतो की रिच टीवाल्यांना तो मिळायचा नाही.

— रांदपीण