पहिली ट्रायल्स गाडी

ट्रायल्स हा मोटारसायकलचा खेळ असला तरी त्यात वेगाला किंमत नाही. खडक, ओढ्याचे पात्र, चिखलाचा चढ अशा आखून दिलेल्या छोट्या टप्प्यातून गाडी काढायची आणि पाय जमिनीला लागू द्यायचा नाही, एवढेच स्वाराचे काम. पाय एकदा टेकला तर एक दंडगुण, दोनदा टेकला तर दोन, त्याहून जास्त कितीही वेळा टेकला तरी तीन. गाडी पडली किंवा आखणीबाहेर गेली तर पाच. शेवटी ज्याचे दंडगुण सर्वांत कमी, तो जिंकतो. स्कॉटलंडमधील फोर्ट विल्यमची सहा दिवसांची स्पर्धा या खेळात सर्वांत मानाची मानली जाते. जागतिक अजिंक्यपद 1975 पासून सुरू आहे आणि 2007 पासून स्पेनच्या टोनी बोऊने त्यावर सलग आपले नाव कोरले आहे. भारतात सुपरक्रॉस आणि रॅली रुजल्या. ट्रायल्स मात्र अजून मूठभर हौशी लोकांपुरता आहे.

या खेळासाठी घडवलेली गाडी रस्त्यावरच्या गाडीपेक्षा मुळातच वेगळी असते. वजन सुमारे 70 किलो. सीट नसल्यातच जमा, कारण स्वार सारा वेळ फुटरेस्टवर उभा असतो. टाकी दोन-तीन लिटरची. पुढचे चाक 21 इंची, मागचे 18 इंची. मागच्या ट्यूबलेस टायरमध्ये हवा जेमतेम चार-पाच पाउंड ठेवतात, म्हणजे रबर दगडावर पसरून धरून बसते. इंजिन 125 पासून 300 सीसीपर्यंतचे असते आणि चालण्याच्या गतीतही गाडी न अडखळता ओढते. क्लच इतका हलका की एका बोटाने दाबता येतो. हे शेवटचे फार महत्त्वाचे आहे, कारण ट्रायल्समध्ये गाडीवरचा ताबा ॲक्सिलरेटरपेक्षा क्लचवर जास्त असतो.

अशी गाडी नांदेड किंवा लातूरच्या कोणत्याही शोरूममध्ये मिळत नाही. माँटेसा, बेटा, शेर्को, गॅस गॅस ही या क्षेत्रातली मोठी नावे, पण त्यांच्या ट्रायल्स गाड्या आपल्याकडे नियमित विक्रीला आलेल्या नाहीत. आकुर्डीच्या बजाज ऑटोने 2007 मध्ये केटीएममध्ये भागीदारी घेतली, पुढे स्पेनची गॅस गॅस त्याच केटीएमच्या समूहात गेली. एवढा जवळचा धागा असूनही तिची ट्रायल्स गाडी वाळूज किंवा चाकणमधून बाहेर पडत नाही, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे. त्यामुळे नवशिक्यापुढे दोनच वाटा उरतात. बाहेरून आलेली गाडी शोधायची, किंवा बाजारात मिळणाऱ्या हलक्या गाडीवर तोल आणि क्लच शिकून घ्यायचा. पहिल्या गाडीसाठी दुसरी वाट धरावी.

बाजारात शोधताना सर्वांत आधी नावाची भूल टाळावी. रॉयल एनफिल्डने 2019 मध्ये बुलेट ट्रायल्स नावाची 350 आणि 500 सीसीची गाडी आणली होती. नावामागे खरा इतिहास आहे. इंग्लंडच्या जॉनी ब्रिटनने एनफिल्ड बुलेटवर स्वार होऊन 1952 मध्ये फोर्ट विल्यमची ती स्पर्धा जिंकली होती. पण 2019 ची गाडी त्या आठवणीचा पेहराव घातलेली रस्त्यावरची बुलेटच होती आणि तिचे वजन 190 किलोच्या आसपास होते. दगडावरून तोल गेल्यावर एवढे वजन एकट्याने उचलणे कठीण, आणि ती पायावर पडली तर दुखापत ठरलेली. जुन्या बाजारात ती दिसली, तर आवडीने जरूर घ्यावी, ट्रायल्स शिकण्यासाठी घेऊ नये.

शिकण्याची गाडी निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात: वजन, कमी वेगातली ओढ आणि दुरुस्तीची सोय. तिन्ही कसोट्यांवर मराठवाड्यात सर्वांत पुढे येते ती साधी 100 सीसीची स्प्लेंडर. तिचे वजन सुमारे 112 किलो, ताकद आठ पीएसच्या घरात. ही कमी ताकद नवशिक्याच्या फायद्याची आहे, कारण चुकून ॲक्सिलरेटर जास्त फिरला तरी गाडी हातातून उसळून निघत नाही. आणि औसा, अहमदपूर, लोहा, मुखेड कुठेही गेले तरी तिच्या क्लच प्लेटा, केबल, लिव्हर हाताशी मिळतात. ट्रायल्सच्या सरावात क्लच अर्धा दाबून गाडी चालवावी लागते, त्यामुळे प्लेटा लवकर जळतात आणि लिव्हर तर पडून पडून मोडतातच. ज्या गाडीचा लिव्हर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, ती गाडी सरावात खंड पडू देत नाही.

अनेकांची नजर यामाहा आरएक्स 100 वर जाते. 1985 ते 1996 या काळात निघालेली ही टू-स्ट्रोक गाडी जेमतेम 103 किलोची आहे आणि आवाजाने अजूनही भुरळ घालते. पण तिची खरी ताकद वरच्या फेऱ्यांत उघडते. ट्रायल्सला लागते नेमके उलटे, म्हणजे इंजिन संथ असतानाची ओढ. शिवाय शौकिनांमुळे तिचे भाव चढलेले आहेत आणि जुना माल दगडावर आपटणे हे त्या गाडीवरही अन्यायाचे. शेतकऱ्यांची लाडकी टीव्हीएस एक्सएल हलकी आहे, पण तिला हाताचा क्लच नाही, त्यामुळे मुख्य धडाच शिकता येत नाही.

हीरोची एक्सपल्स 200 जरा वेगळी. तिची चाके ट्रायल्स गाडीसारखीच 21 आणि 18 इंची, जमिनीपासूनचे अंतर 220 मिलिमीटर, शॉकअपची हालचालही लांब. मात्र वजन दीडशे किलोच्या वर आणि सीट 825 मिलिमीटर उंच. उंच, भक्कम बांध्याच्या आणि रानवाटांवर लांब फिरण्याचीही हौस असलेल्या स्वाराला ती चालते. साडेपाच फुटांच्या नवशिक्याने खडकावर ती घेतली की पाय जमिनीपर्यंत पोचण्याआधीच गाडी कलंडते. हीरोची 2011 ची 150 सीसी इम्पल्स मधल्या वजनाची होती, पण ती केव्हाच बंद झाली आणि तिचे सुटे भाग शोधण्यात दिवस जातात.

जुनी स्प्लेंडर घेताना पॉलिश आणि मीटरवरचे किलोमीटर यांच्यावर विसंबू नये. गाडी मेनस्टँडवर लावून मागचे चाक दोन्ही हातांनी धरावे आणि डावी-उजवीकडे हलवावे. टकटक जाणवली तर चिमट्याचे बुश किंवा चाकाचे बेअरिंग गेलेले असते. मग पुढचे चाक उचलून हँडल हलकेच सोडावे. मध्यावर आल्यावर ते खाचेत अडकल्यासारखे थबकले तर कोनसेट खराब. पुढच्या शॉकअपच्या नळीवर ओरखडे असतील तर ऑइल सील लवकरच गळणार. रिमच्या आऱ्यांवरून पेन फिरवत जावे, सैल आरा बोदा आवाज देतो. शेवटी पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण दाबून उभे राहावे. गाडी तरीही पुढे सरकू पाहत असेल तर क्लच नीट सुटत नाही. अशा गाडीवर एका जागी तोल धरण्याचा सराव होऊच शकत नाही, म्हणून ही शेवटची तपासणी कधीही टाळू नये.

गाडीत बदल मोजकेच करावेत. चेनसेटमध्ये पुढच्या चक्राचा एक दात कमी करणे म्हणजे मागचे जवळपास तीन दात वाढवण्यासारखेच, आणि त्याला खर्च नाममात्र. त्याने पहिला गिअर हळू होतो आणि गाडी माणसाच्या चालीने चढ चढते. उंच, रुंद हँडल आणि पकड देणारे दातेरी फुटरेस्ट बसवावेत. आरसे, इंडिकेटर, साइड पॅनल काढून ठेवावे. हवेच्या बाबतीत मात्र खऱ्या ट्रायल्स गाडीची नक्कल करू नये. ट्यूब असलेल्या टायरमध्ये हवा 15 पाउंडांच्या खाली नेली की टायर रिमवर फिरतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटला जातो.

बदललेली गाडी रस्त्यावर चालवायची नाही, हे निक्षून सांगायला हवे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीकृत गाडीत मूळ रचनेच्या विरोधातले बदल करता येत नाहीत, आणि सरावाची गाडी एमएच 24 किंवा एमएच 26 ची पाटी लावून बाजारात फिरवली तर दंड होणे रास्तच आहे. ती छोट्या हत्तीत टाकून जागेवर न्यावी आणि तशीच परत आणावी.

जागेच्या बाबतीत लातूर आणि नांदेड हे दोन्ही जिल्हे श्रीमंत आहेत, आणि त्याची फारशी कोणाला दखल नाही. लातूरचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्टचा. मांजरा, तेरणा, तावरजा यांच्या कोरड्या पात्रांत गोल गोटे असतात, ते पायाखाली फिरतात आणि तोलाची खरी परीक्षा घेतात. नांदेडच्या देगलूर, बिलोली, मुखेड भागात मात्र दख्खनच्या कातळाखालचा जुना ग्रॅनाइट उघडा पडला आहे. माळावर मोठमोठ्या गोलाकार शिळा आहेत आणि कोरडा असताना त्यांचा खरबरीत पृष्ठभाग टायरला छान धरतो. ट्रायल्सला साजेसा दगड मराठवाड्यात दारातच आहे. कंधार, उदगीर, औसा हे किल्ले आणि खरोशाची लेणी या वारशाच्या जागा आहेत, तिथे चाक नेऊ नये. किनवट-माहूरच्या रानात वनखात्याच्या परवानगीशिवाय जाऊ नये. शेतातल्या माळावर सराव करायचा तर आधी मालकाला विचारावे, पीक आणि बांध सोडून राहावे. पावसाळ्यात काळी माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये गच्च भरते आणि चाक जाम होते, म्हणून दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. उन्हाळ्यात सराव सूर्य वर येण्याआधी संपवावा, कारण संथ गतीत वारा न लागल्याने इंजिन तापते.

सरावाच्या स्प्लेंडरवर एखादे वर्ष काढल्यावर खऱ्या ट्रायल्स गाडीचा विचार करावा. तेव्हाही 300 सीसीचा मोह टाळून 250 सीसीची टू-स्ट्रोक शोधावी. 300 ची ओढ कसलेल्या स्वारासाठी आहे. नवशिक्याच्या हातात ती खडकाआधीच उडी मारते. अंगाने हलक्या स्वाराला 125 सीसीही पुरते. वापरलेली गाडी असेल तर गिअर ऑइल बाटलीत काढून पाहावे. ते दुधासारखे पांढुरके झाले असेल तर पाण्याच्या पंपाचे सील फुटून पाणी आत गेलेले आहे. इंजिनखालचे संरक्षक पत्रे, मागच्या शॉकअपच्या सांध्याची बेअरिंग आणि फ्रेमचे वेल्डिंग बारकाईने बघावे. बाहेरून आलेल्या गाडीचे सीमाशुल्काचे कागद, म्हणजे बिल ऑफ एन्ट्री, पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. आणि हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलवर ही गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये. इथेनॉल ओल ओढून घेते, म्हणून सराव बंद असेल तेव्हा टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करावेत.

गाडी घ्यायला निघण्याआधी आयएसआय चिन्हाचे हेल्मेट, घोटा झाकणारे मजबूत बूट, गुडघ्याचे पॅड आणि हातमोजे यांचे पैसे वेगळे काढून ठेवावेत. ते बसत नसतील तर गाडीचे बजेट कमी करावे, हेल्मेटचे नाही. मुलगा किंवा मुलगी पहिल्यांदा शिळेवर गाडी चढवणार असेल, तेव्हा घरच्यांपैकी एकाने जवळ उभे राहावे.