विश्लेषण : घरच्या संगणकावर क्रिप्टो मायनिंग – विंडोज, लिनक्स की मॅक? आणि वीजबिलाचे काय?

मोनेरो हे क्रिप्टो चलन साध्या संगणकाच्या प्रोसेसरवर, म्हणजे सीपीयूवर ‘खणता’ येते. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘क्युबिक’ नावाच्या गटाने मोनेरोच्या जाळ्यातील निम्म्याहून अधिक संगणकीय ताकद आपल्याकडे असल्याचा दावा केला. हा दावा अनेकांनी खोडून काढला. मात्र त्या महिन्यात मोनेरोचे सलग सहा आणि सप्टेंबरमध्ये अठरा ब्लॉक मागे फिरवले गेले, हे खरे. क्युबिकने जगभरातल्या सीपीयूधारकांना आपल्या चलनात जास्त मोबदला देऊन ही ताकद जमवली होती. त्यानंतर सीपीयू मायनिंगची चर्चा पुन्हा सुरू झाली. ‘विंडोज काढा, लिनक्स टाका, दोन सेटिंग्ज बदला, वेग वाढेल’ हा सल्लाही पुन्हा फिरू लागला. सल्ला खोटा नाही. पण सातारा किंवा सांगलीतल्या घरी महावितरणच्या मीटरवर तो तपासला, तर उत्तर काय येते?

सीपीयू मायनिंग म्हणजे काय?

क्रिप्टो चलनाच्या व्यवहारांची नोंद एका सामाईक खातेवहीत होते. वहीचे पुढचे पान जोडण्याचा मान मिळवण्यासाठी जगभरातले संगणक एक आकडेमोड पुन्हा पुन्हा करतात. प्रत्येक प्रयत्नाला ‘हॅश’ म्हणतात. ज्याचा प्रयत्न आधी लागतो, त्याला नवी नाणी मिळतात. २००९ मध्ये बिटकॉइन साध्या संगणकावर मिळत असे. पुढे ग्राफिक्स कार्डे आली, मग केवळ याच कामासाठी बनवलेली यंत्रे आली आणि घरचा संगणक शर्यतीतून बाद झाला.

मोनेरोने मात्र ३० नोव्हेंबर २०१९ रोजी ‘रँडमएक्स’ ही पद्धत स्वीकारली. तिच्यात प्रत्येक प्रयत्नासाठी नवा, आगापिछा नसलेला छोटा प्रोग्रॅम तयार होतो आणि तो चालवताना दोन जीबीहून थोड्या मोठ्या माहितीच्या साठ्यातून कुठूनही काहीही वाचावे लागते. अशा कामात सर्वसाधारण प्रोसेसरच तरबेज असतो. त्यामुळे कॉलेजच्या मुलाचा डेस्कटॉपही यात भाग घेऊ शकतो.

एकाच संगणकावर वेग कमी-जास्त का होतो?

पहिले कारण मेमरीच्या ‘पानां’चे आहे. ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीचे तुकडे करून त्यांचा हिशेब ठेवते. नेहमीचे पान चार केबीचे असते. दोन जीबीच्या साठ्याची अशी पाच लाखांहून अधिक पाने होतात. कोणते पान कुठे आहे हे सांगणारी एक छोटी वही प्रोसेसरजवळ असते, पण तिच्यात मोजक्याच नोंदी मावतात. वहीत नोंद नसली की दरवेळी मोठे दप्तर उघडावे लागते. तलाठ्याला प्रत्येक गटनंबरासाठी कपाटातून गाठोडे काढावे लागले, तर रांग जशी खोळंबेल, तसाच प्रकार इथे होतो. पान चार केबीऐवजी दोन एमबीचे केले, तर पाच लाखांच्या जागी साधारण १,०४० नोंदी उरतात. यालाच ‘ह्यूज पेजेस’ म्हणतात. एक्सएमरिग या प्रचलित मायनिंग सॉफ्टवेअरच्या माहितीनुसार एवढ्या एका बदलाने वेग ५० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो.

दुसरे कारण प्रोसेसरच्या सवयीचे. पुढे कोणती माहिती लागेल याचा अंदाज बांधून प्रोसेसर ती आधीच आणून ठेवतो. रोजच्या कामात याचा फायदा होतो. रँडमएक्समध्ये पुढचे काहीच ठरलेले नसल्याने आणलेली माहिती वाया जाते आणि मेमरीची वाट अडते. प्रोसेसरच्या ‘एमएसआर’ नावाच्या अंतर्गत नोंदी बदलून ही सवय बंद करता येते. एएमडीच्या काही रायझन प्रोसेसरवर यामुळे दहा-पंधरा टक्के वाढ मिळते. इंटेलवर ती सहसा कमी असते.

मग कोणती ऑपरेटिंग सिस्टिम चांगली?

लिनक्स थोडी पुढे आहे. तिच्यात ह्यूज पेजेस एका आदेशाने राखून ठेवता येतात. शिवाय एक जीबीची पानेही वापरता येतात, म्हणजे सगळा साठा तीन पानांत बसतो. त्यातून आणखी एक ते तीन टक्के मिळतात. पार्श्वभूमीवर चालणारी कामेही कमी असतात.

विंडोजमध्ये वापरकर्त्याला मेमरी राखून ठेवण्याचा खास अधिकार द्यावा लागतो, संगणक पुन्हा सुरू करावा लागतो आणि प्रोग्रॅम प्रशासकाच्या हक्काने चालवावा लागतो. संगणक बराच वेळ सुरू असेल तर मेमरी विस्कळीत होते आणि मोठी पाने मिळतच नाहीत. म्हणून संगणक सुरू केल्याबरोबर मायनिंग चालू करण्याचा सल्ला दिला जातो. एमएसआर बदलण्यासाठी विंडोजवर ‘विनरिंगझिरो’ हा जुना ड्रायव्हर वापरला जातो. त्यात सुरक्षेची ज्ञात त्रुटी असल्याने विंडोज डिफेंडर त्याला अडवतो. तेव्हा अनेक जण डिफेंडरच बंद करतात. ज्या संगणकावर घरची नेट बँकिंग चालते, त्यावर असे करणे म्हणजे दहा टक्के वेगासाठी घराचे दार उघडे ठेवणे.

मॅकवर एमएसआर बदलण्याची सोय नाही. अॅपलच्या नव्या चिप वीज कमी खातात, पण त्यांचा एकूण वेगही बेताचा असतो. विंडोजच्या आत आभासी लिनक्स चालवून मायनिंग केले, तर मोठी पाने आणि एमएसआर हे दोन्ही फायदे सहसा हातचे जातात.

थोडक्यात, काहीच सेटिंग न केलेली विंडोज आणि नीट बसवलेली लिनक्स यांत मोठा फरक दिसतो. दोन्ही नीट बसवल्या, तर तो काही टक्क्यांवर येतो.

सिस्टिमपेक्षा जास्त फरक कशाने पडतो?

प्रोसेसरच्या कॅशेने. रँडमएक्सच्या प्रत्येक धाग्याला, म्हणजे थ्रेडला, दोन एमबी कॅशे लागते. एखाद्या लॅपटॉपला आठ थ्रेड आणि सहा एमबी कॅशे असेल, तर तीनच थ्रेड फायद्याचे. आठही चालवले तर उष्णता वाढते, वेग नाही. रॅमच्या एका पट्टीऐवजी दोन पट्ट्या लावल्या, तरी अनेकदा फरक जाणवतो. चार जीबी रॅमच्या जुन्या संगणकाला तर हा साठा उचलणेच जड जाते.

हवामानही विसरता येत नाही. एप्रिल-मे महिन्यांत सांगली-मिरजेत पारा चाळिशीला टेकतो. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. लॅपटॉपची बॅटरी आणि पंखा चोवीस तासांच्या कामासाठी बनवलेले नसतात. म्हणून जाणकार जास्तीत जास्त वेगाच्या मागे न लागता प्रोसेसरला कमी विजेवर चालवतात आणि एका वॉटमागे किती हॅश मिळतात हे पाहतात.

साताऱ्यातल्या घरात हिशेब काय येतो?

विटा, खानापूर, आटपाडी भागातली शेकडो कुटुंबे गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेली. भट्टीतून किती सोने निघाले यावर गलाईवाला थांबत नाही. इंधन, आम्ल आणि घट वजा जाता हातात काय राहिले, हे तो पाहतो. मायनिंगलाही तीच रीत लावू.

मोनेरोचा एक ब्लॉक साधारण दोन मिनिटांनी तयार होतो आणि जून २०२२ पासून प्रत्येक ब्लॉकमागे ०.६ मोनेरो मिळतो. म्हणजे साऱ्या जगाला मिळून दिवसाला सुमारे ४३२ मोनेरो. जगभरातली ताकद सेकंदाला ५ अब्ज हॅश धरू. आपला मध्यम डेस्कटॉप सेकंदाला ५,००० हॅश करतो, असे समजू. म्हणजे आपला वाटा दहा लाखांत एक, दिवसाला ०.०००४३२ मोनेरो. एका मोनेरोची किंमत २५,००० रुपये धरली, तर दिवसाला सुमारे ११ आणि महिन्याला साधारण ३२४ रुपये होतात.

आता खर्च. संगणक एकूण १०० वॉट वीज घेत असेल, तर महिन्याला ७२ युनिट. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटला वहन आकारासह साधारण ६ रुपये पडतात. १०१ ते ३०० युनिटच्या टप्प्यात हाच दर जवळपास ११ रुपये होतो. घरात दिवे, पंखे, फ्रिज, मिक्सर यांतच पहिले १०० युनिट संपत असतील, तर मायनिंगचे सगळे ७२ युनिट वरच्या टप्प्यात जातात. बिलात सुमारे ७९२ रुपयांची भर पडते. त्यावर १६ टक्के वीज शुल्क धरले, तर ९१९ रुपये.

हातात ३२४, खर्च ९१९. लिनक्स टाकून, सगळ्या सेटिंग्ज करून वेग १५ टक्क्यांनी वाढवला, तर ३२४ चे ३७३ होतात. ५० टक्के वाढ झाली तरी ४८६. या गणितात वीज साडेचार रुपये युनिटच्या आत मिळाली, तरच विजेचा खर्च निघतो आणि आपला पहिला टप्पाही त्याहून महाग आहे. नाण्याची किंमत दुप्पट झाली तरी ६४८ रुपयेच येतात. शिवाय किंमत वाढली की जगभरातून आणखी संगणक शर्यतीत उतरतात आणि आपला वाटा घटतो.

कोयना आणि पवनचक्क्या दारात असूनही?

सातारा जिल्ह्यात १,९६० मेगावॉटचा कोयना जलविद्युत प्रकल्प आहे. चाळकेवाडी आणि वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. ‘वीज आपल्याच दारात तयार होते’ हे खरे, पण ती राज्याच्या जाळ्यात जाते आणि पाटणच्या ग्राहकालाही महावितरणच्या इतर घरगुती ग्राहकांचाच दर लागतो.

छतावर सौर पॅनेल असले तर? पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटपर्यंत ७८,००० रुपयांचे अनुदान मिळते. पण नेट मीटरिंगमध्ये जाळ्यात दिलेले युनिट आपल्याच बिलातून वजा होते. ते मायनिंगला वापरले, तर तेवढी बचत गमावली. वर्षअखेरीस खरोखरच शिल्लक राहणाऱ्या युनिटला घरगुती दरापेक्षा बराच कमी भाव मिळतो. तेवढ्याच शिल्लक विजेवर हे गणित जमू शकते.

काही जणांची नजर शेतीपंपाच्या विजेकडे जाते. राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत वीज योजना लागू झाली. ती वीज अन्य कामासाठी वापरणे हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते.

कराचे काय?

क्रिप्टोच्या विक्रीतील नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे. १ जुलै २०२२ पासून हस्तांतरणावर एक टक्का टीडीएसही लागू आहे. या नफ्यातून केवळ खरेदीची किंमत वजा करता येते. मायनिंगसाठी उभारलेल्या यंत्रणेचा खर्च खरेदी-किंमत मानला जाणार नाही, हे केंद्र सरकारने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत स्पष्ट केले. म्हणजे प्रत्यक्षात तोटा असला, तरी कागदावर नफा दिसू शकतो.

फसवणूक कुठे होते?

‘तुम्ही यंत्र घेऊ नका, आम्ही तुमच्यासाठी मायनिंग करतो’ इथे. गेनबिटकॉइन या योजनेत गुंतवलेल्या बिटकॉइनवर दरमहा १० टक्के, तेही १८ महिने, परतावा देण्याचे आमिष होते आणि त्याला मायनिंगचे नाव दिले होते. पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये योजनेचा कथित सूत्रधार अमित भारद्वाज याला अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातले गुन्हे सीबीआयकडे सोपवले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने ज्या शहरांत छापे घातले, त्यांत पुणे, नांदेड यांच्याबरोबर शेजारचे कोल्हापूरही होते.

वरचे गणित मांडता येणाऱ्याला अशा योजनेतला खोटेपणा ओळखायला वेळ लागत नाही. जो धंदा मीटरवर साडेचार रुपयांच्या पुढे तग धरत नाही, तो दरमहा १० टक्के कुठून देणार?

दुसरा धोका लपून येतो. फुकटात मिळणाऱ्या ‘क्रॅक’ सॉफ्टवेअरसोबत अनेकदा छुपा मायनर येतो. नाणी दुसऱ्याच्या खात्यात जमतात आणि वीजबिल आपल्या घरी येते. काहीही सुरू नसताना पंखा घरघरत असेल आणि प्रोसेसरचा वापर सतत चढा दिसत असेल, तर ही शंका आधी घ्यावी.

मग करावे की करू नये?

शिकण्यासाठी करायला हरकत नाही. मेमरीची पाने, कॅशे, प्रोसेसरच्या सवयी, लिनक्सचे आदेश हे सगळे रँडमएक्सच्या निमित्ताने हाताखालून जाते आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते नोकरीतही उपयोगी पडते. त्यासाठी दोन-चार तास पुरतात आणि त्याचे बिल काही रुपयांचे होते.

कमाईसाठी असेल, तर ऑपरेटिंग सिस्टिम निवडण्याआधी घरातले मागच्या महिन्याचे बिल काढावे आणि शेवटचा युनिट कोणत्या टप्प्यात पडला ते पाहावे. सिस्टिम बदलून मिळतात ते टक्के, आणि मीटरवरची तफावत जवळपास तिपटीची आहे. लॅपटॉप मुलाचा असला तरी बिल भरणारे बहुधा आई-वडील असतात. हा हिशेब त्यांच्यासमोर बसून करावा.