डार्विनच्या पुस्तकातला जास्तीचा ‘ई’

पान २०, ओळ ११. ‘स्पीशीज’ या शब्दाच्या इंग्रजी वर्णलेखनात एक ‘ई’ जास्तीचा पडला आहे. चार्ल्स डार्विनच्या ‘ऑन द ओरिजिन ऑफ स्पीशीज’ची जुनी प्रत हाती आली की जाणकार संग्राहक आधी हे पान उघडतो, आणि चूक सापडली की हरखून जातो. बाहेरच्याला हे वेड वाटते. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र त्याला हसू नये.

लंडनच्या जॉन मरे या प्रकाशकाने हे पुस्तक २४ नोव्हेंबर १८५९ रोजी प्रसिद्ध केले. हिरव्या कापडाची बांधणी, छापलेल्या प्रती १,२५०. ‘पहिल्याच दिवशी सगळ्या प्रती संपल्या’ ही कथा अर्धीच खरी आहे. लोकांनी दुकानापुढे रांगा लावल्या नव्हत्या. दोन दिवस आधीच्या घाऊक विक्रीत ग्रंथविक्रेत्यांनी शिल्लक प्रतींहून अधिक मागणी नोंदवली होती. एकट्या म्यूडीच्या फिरत्या वाचनालयाने ५०० प्रती उचलल्या.

जानेवारी १८६० मध्ये दुसरी आवृत्ती आली, ३,००० प्रतींची. तिच्या मुखपृष्ठामागील शीर्षकपानावर ‘पाचवे सहस्र’ असे छापले आहे. हिशेब सोपा आहे: १,२५० आणि ३,००० मिळून ४,२५०, म्हणजे पाचवे सहस्र चालू झाले. १८६१ च्या तिसऱ्या आवृत्तीवर याच न्यायाने ‘सातवे सहस्र’ आहे. शीर्षकपानावर सहस्राचा उल्लेख असेल, तर ती प्रत पहिली नव्हे.

केवळ मुद्रणदोषावर विसंबणेही धोक्याचे. हार्वर्ड विद्यापीठाने १९६४ मध्ये पहिल्या आवृत्तीची हुबेहूब प्रतिकृती काढली. हुबेहूब म्हटल्यावर तो ‘ई’ही तिच्यात आलाच. म्हणून साल, शीर्षकपान, कागद आणि बांधणी यांची साक्ष एकत्र घ्यावी लागते.

एवढा खटाटोप कशासाठी? लिलावातल्या किमतीसाठी असेल, तर तो श्रीमंतांचा खेळ म्हणून सोडून देता येईल. पण आवृत्तीगणिक डार्विनचा मजकूरच बदलत गेला आहे. पोहता पोहता तोंड उघडून किडे टिपणारे अस्वल कालांतराने देवमाशासारखे होऊ शकेल, ही पहिल्या आवृत्तीतली धीट कल्पना टीका होताच दुसरीत छाटली गेली. शेवटच्या वाक्यात ‘सृष्टिकर्त्या’चा उल्लेख शिरला, तोही दुसऱ्या आवृत्तीत. डार्विनचे म्हणून सर्रास सांगितले जाणारे ‘सर्वांत योग्य तोच टिकतो’ हे सूत्र मुळात हर्बर्ट स्पेन्सरचे; ते या पुस्तकात आले १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत. आणि ‘इव्होल्यूशन’ हा शब्द? १८७२ च्या सहाव्या आवृत्तीपर्यंत तो पुस्तकात नव्हता.

त्यामुळे ‘डार्विनने १८५९ मध्ये लिहिले’ असे म्हणून सहाव्या आवृत्तीतला उतारा देणारा लेखक तेरा वर्षांची उलथापालथ एका फटक्यात पुसून टाकतो. ही चूक क्षुल्लक नाही. टीकेपुढे कुठे माघार घेतली, कुठे तडजोड केली, हीच तर त्या माणसाची गोष्ट आहे. पुढे अनेक स्वस्त पुनर्मुद्रणांनी सहावीच आवृत्ती उचलली, आणि ती कोणती हे सांगण्याची तसदीही घेतली नाही. प्रकाशकांचा हा निष्काळजीपणा संग्राहकांच्या वेडापेक्षा कितीतरी अधिक नुकसान करणारा आहे.

पहिली आवृत्ती म्हणजे नेहमीच उत्तम मजकूर, असेही नाही. स्टीफन हॉकिंगच्या ‘अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम’ची अमेरिकेतली पहिली छपाई १९८८ मध्ये तयार झाली, तेव्हा ‘नेचर’साठी परीक्षण लिहायला घेतलेल्या डॉन पेज या शास्त्रज्ञाला तिच्यात छायाचित्रे आणि आकृत्या चुकीच्या जागी, चुकीच्या नावांनी छापलेल्या आढळल्या. बँटम या प्रकाशनसंस्थेने ती छपाई मागे घेऊन रद्द केली आणि तीन आठवडे खपून दुरुस्त पुस्तक एप्रिलच्या पहिल्या तारखेला बाजारात आणले. तरी त्या सदोष छपाईतल्या काही प्रती वाचल्या असाव्यात. त्यांना आता बरीच किंमत येत असेल, असे पुढे खुद्द हॉकिंगनेच लिहून ठेवले आहे.