ईयोबाच्या मित्रांची चूक

गेल्या महिन्यात एका सतरा वर्षांच्या मुलाच्या मातीला गेलो होतो. कबरीपाशी पाळक म्हणाले, देवाचे मार्ग माणसाला कळत नाहीत. मंडळींनी 'आमेन' म्हटले. दोनच वाक्यांनंतर त्याच पाळकांनी कारणही सांगून टाकले: बागेतले सर्वांत सुंदर फूल माळी आधी खुडतो. आई समोर उभी होती. देव कळत नाही म्हणायचे आणि लगेच त्याच्या मनातला हेतू सांगायचा, हे मला तेव्हाही सहन झाले नाही, आजही होत नाही.

पाळकांचा हेतू वाईट नव्हता. बायबलमधल्या ईयोबाच्या मित्रांचाही नव्हता. त्याच्या संकटात एलीफज, बिल्दद आणि सोफर हे मित्र आले तेव्हा सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून होते. कोणी चकार शब्द काढला नाही. तोवर ठीक होते. मग त्यांनी हिशेब मांडायला घेतला: देव न्यायी आहे, तेव्हा पाप तुझ्याच हातून घडले असणार. ईयोब मात्र देवालाच जाब विचारत राहिला. अखेर परमेश्वर वावटळीतून बोलतो, पण कारण तोही देत नाही. पृथ्वीच्या पायापासून रानगाढवापर्यंत उलट प्रश्नच विचारतो. ईयोब नमतो. आपले उपदेश बहुधा इथे थांबतात. बेचाळिसाव्या अध्यायात परमेश्वराचा राग पेटतो तो मित्रांवर. माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब, तुम्ही नाही, असा निवाडा होतो. सात गोऱ्हे आणि सात एडके घेऊन त्यांना ईयोबाच्याच दारी जावे लागते, त्याने आपल्यासाठी प्रार्थना करावी म्हणून.

देवाची बाजू राखायच्या नादात हद्द ओलांडली ती उत्तरे देणाऱ्यांनी.

चर्चला हे ठाऊक नव्हते असे नाही. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने लिहून ठेवले आहे, की निर्माता आणि निर्मिती यांत कितीही साम्य दाखवा, भेद त्याहून मोठाच राहतो. माळ्याच्या दृष्टान्तालाही हाच नियम लागू आहे. थॉमस अक्वायनस तर आयुष्यभर देवाविषयी लिहीत होता. 6 डिसेंबर 1273 रोजी नेपल्समध्ये मिस्सा करताना त्याला काही जाणवले आणि त्याने लेखणी ठेवली. सोबत्याने फार आग्रह केला तेव्हा म्हणाला, जे पाहिले त्यापुढे माझे सारे लिखाण गवताच्या काड्यांसारखे वाटते. पुढच्या मार्चमध्ये तो वारला; त्याचा सर्वांत मोठा ग्रंथ अपुराच राहिला. त्याने काड्या म्हटले ते स्वतःच्या पानांना, दुसऱ्याच्या आक्रोशाला नव्हे.

आपल्या पंडिता रमाबाईंना अशा उत्तरे देणाऱ्यांचा अनुभव उलट बाजूने, प्रश्न विचारणारी म्हणून आला. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्रैक्याविषयी त्यांनी शंका मांडल्या तेव्हा त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांना त्यात गर्व दिसला, आज्ञाधारकपणा कमी दिसला. रमाबाई मागे हटल्या नाहीत: इथल्या पुरोहितांचे जू नुकतेच उतरवलेले, तसेच दुसरे मानेवर घ्यायला त्या तयार नव्हत्या. विश्वास त्यांनी सोडला नाही. उतारवयात मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल त्यांनी साध्या मराठीत आणले. देव आवाक्याबाहेरचा आहे म्हणून त्याच्याविषयी विचारूच नये, हे मानले असते तर ते काम उभे राहिले नसते. ईयोबाचे सगळे भांडणही त्यात आलेच.

पाळकांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या मातीच्या वेळी वचन वाचा, प्रार्थना करा आणि घरच्यांजवळ बसा. माळी आणि फूल नको.

परवा त्या आईकडे गेलो होतो. माझाच का, असे तिने विचारले. मी काही बोललो नाही. बराच वेळ तसेच बसलो. मग ती उठली, आतून मुलाची चित्रकलेची वही घेऊन आली आणि एकेक पान दाखवू लागली.