दुकानाचं कर्ज आणि घराचा उंबरा

आपल्या समाजात ‘दिवाळखोर’ हा शब्द शिवीसारखा वापरतात. पण एखाद्याचा धंदा खरंच बुडाला की तीच मंडळी कानात सांगतात, ‘घर वहिनींच्या नावावर करून टाका, कोर्टात नादारीचा अर्ज द्या, सगळं सुटेल.’ ही शिवी आणि हा सल्ला, दोन्ही बायकांचाच घात करतात. म्हणून आज थोडं कडक लिहिते आहे.

आधी सल्ल्याकडे बघू. धार-देवासच्या माणसाला आजही नादारीचा अर्ज 1920 च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली जिल्हा न्यायालयातच द्यावा लागतो. शंभर वर्षांपूर्वीचा कायदा. देणं किमान पाचशे रुपयांचं असावं ही त्यातली अट अजून तशीच आहे! पण त्याच कायद्यात हेही लिहिलंय की ज्याच्याकडे मालमत्ता तारण आहे, त्या धनकोचा हक्क नादारीने अडत नाही. म्हणजे नवरा नादार ठरला तरी घर ज्या बँकेकडे गहाण आहे, ती बँक घर विकू शकते. आणि ‘वहिनींच्या नावावर’? बक्षीसपत्र करून दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज दाखल झाला, तर ते रद्द होऊ शकतं. शिवाय गहाण घर कुणाच्याही नावावर केलं तरी गहाण त्याच्या मागोमाग येतंच. सल्ला देणारे भाऊजी त्या दिवशी कोर्टात दिसणार नाहीत.

2016 साली दिवाळखोरीचा नवा कायदा आला. त्यातला व्यक्तींसाठीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला, तोही फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना. त्यांच्यासाठी नियमांत राहत्या घराला थोडी सूट आहे, शहरात 20 लाख आणि खेड्यात 10 लाख रुपये किमतीपर्यंत, पण घर बोजाविरहित असेल तरच. ज्याचं घर गहाण आहे, ज्याला खरी गरज आहे, तो बाहेरच. आणि तुमच्या-माझ्या ओळखीतला किराणावाला, कापडवाला, पिथमपूरच्या कारखान्याला माल पुरवणारा छोटा ठेकेदार, त्याच्यासाठी तर हा भाग अजून उघडलेलाच नाही.

बँकेचा रस्ता मात्र सरळ आहे. हप्ता 90 दिवस थकला की खातं बुडीत धरतात. मग 2002 च्या सरफेसी कायद्याची साठ दिवसांची नोटीस. त्यावर लेखी हरकत घेता येते आणि बँकेला 15 दिवसांत कारणं देऊन उत्तर द्यावं लागतं. हे किती जणींना माहीत आहे? नोटीस बहुतेक घरांत देवघराच्या कपाटात, जुन्या पंचांगाखाली जाऊन पडते. त्यानंतर ताबा. त्याविरुद्ध 45 दिवसांत दाद मागायची ती जबलपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात. देवासच्या बाईने सासू-सासरे, मुलांच्या परीक्षा सांभाळून रात्रभराचा प्रवास करत तारखांना जायचं, हा न्याय म्हणायचा की शिक्षा?

आमच्या देवासला दिवाळं नवं नाही. थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार 1933 साली संस्थानाची तिजोरी रिकामी झाल्यावर पाँडिचेरीला निघून गेले. तिथे फ्रेंचांचा अंमल होता, इंग्रज सरकारचा हात पोचत नव्हता. 1937 साली ते तिथेच वारले. त्यांचे काही काळ चिटणीस राहिलेले इंग्रज लेखक फॉर्स्टर यांनी पुढे 1953 साली त्यांच्यावर मायेने पुस्तक लिहिलं. राजाला जायला पाँडिचेरी होती, त्याची बाजू मांडायला लेखक होता. दुकानदाराच्या बायकोला काय आहे? माहेर. आणि तिथेही भावजयीच्या नजरा.

दिवाणी कायद्यातली एक गंमत सांगते. जप्तीतून काय वगळायचं याची त्यात यादी आहे: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि धर्माच्या रिवाजाप्रमाणे बाईने उतरवू नये तो दागिना. शेतकऱ्याचं, मजुराचं, घरकाम करणाऱ्याचं राहतं घरही वगळलंय, आणि ते योग्यच आहे. दुकानदाराचं घर मात्र त्यात नाही. म्हणजे त्याच्या बायकोचं मंगळसूत्र वाचेल, पातेलं वाचेल. पण ते पातेलं चुलीवर ठेवायला चूल कुठे?

यावर आपली वडीलधारी मंडळी म्हणतील, ‘घेतलेलं परत करणं हाच धर्म. अचौर्य व्रत विसरलात का? घराला संरक्षण दिलं तर कर्ज बुडवे माजतील.’ नाही विसरले. देणं फेडलंच पाहिजे, मीही तेच म्हणते. पण बेघर माणूस कशातून फेडणार? अमेरिकेत दिवाळखोरी कायद्याचं तेरावं प्रकरण आहे. नियमित कमाई असलेल्या माणसाने अर्ज केला की लिलाव थांबतो. चालू हप्ता भरत राहायचं आणि मागची थकबाकी तीन ते पाच वर्षांत फेडायची. बँकेचं गहाण राहतं, माणसाचं घरही राहतं. यात चोरी कुठे आली? हप्ता चुकवला तर घर जातंच. फक्त सावरायला वेळ मिळतो.

आणि धर्माचंच काढलंत तर उपासकदशांगातला आनंद श्रावक आठवा. त्याचे चार कोटी निधीत, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरसंसारात होते. तीन वाटे, तिन्ही वेगळे. परिग्रहाची मर्यादा घालणारा आपला आदर्श श्रावक घराचा वाटा दुकानात मिसळत नव्हता. आपण मात्र दुकानाची मर्यादा वाढवायला घराची रजिस्ट्री बँकेत ठेवतो, आणि बायकोला सांगतो, ‘इथे सही कर, फॉर्मॅलिटी आहे.’ ती फॉर्मॅलिटी नसते. सहकर्जदार आणि जामीनदार या दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, फेडायचं तुम्हीही.

म्हणून बायांनो, कागद वाचल्याशिवाय सही करू नका. घर घ्यायला काढलेलं कर्ज वेगळं; दुकानासाठी घर गहाण टाकण्याला सरळ नाही म्हणा. रागावू देत. पैसे अपुरे पडले तर घराचा हप्ता आधी, बाकीची देणी मागून. स्त्रीधन मोडायची वेळ आली तर आधी विचारा, यातून सगळी थकबाकी फिटते का? की चार महिने पुढे ढकलून सोनंही जाणार आणि घरही? नोटीस आली की त्याच आठवड्यात वकील गाठा. लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्याआधी सगळी देणी खर्चासकट भरली तर घर सोडवता येतं. त्यानंतर तो हक्क गेला.

समाजाच्या पंचांना एवढंच: दशलक्षण पर्वात, पर्युषणात चढाव्याच्या बोल्या लागतात, मोठाले आकडे पुकारले जातात. त्यातला थोडा भाग बाजूला ठेवून अडल्या घराचे हप्ते बिनव्याजी भरायला द्या, आणि ज्याला दिले त्याचं नाव पुकारू नका. आणि सरकारकडे मागायचं असेल तर हे मागा, की व्यक्तींच्या दिवाळखोरीचा जो भाग 2016 पासून कागदावर पडून आहे तो सर्वांना उघडा करा, आणि गहाण असलेल्या एकुलत्या राहत्या घराला त्यात सावरण्याची मुदत द्या. मंदिराच्या कळसासाठी आपण मंत्र्यांना भेटतो. एकदा उंबऱ्यासाठीही भेटू.